होकार कोणाचा?

मोबाईल किंवा संगणकात शिरून माहिती आणि पैसा चोरणाऱ्या प्रोग्रॅमला मालवेअर म्हणतात. साथीच्या तापासारखे ते हवेतून येते, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. वास्तविक पुष्कळदा त्याला दार आपणच उघडतो. प्रस्तुत लेखात याच दाराचा विचार करावयाचा आहे.

प्रथम एक मोठे उदाहरण घेऊ. ११ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर असा हल्ला झाला. एटीएममध्ये कार्ड घातले की यंत्र बँकेला विचारते, ‘पैसे द्यावेत का?’ चोरांनी मालवेअरच्या साहाय्याने मध्येच एक खोटी यंत्रणा उभी केली. विचारणा बँकेपर्यंत न जाता तीच ‘होय’ म्हणू लागली. बनावट कार्डांनी २८ देशांतून पैसे काढले गेले. भारतात ज्या शहरांतून ते निघाले, त्यांत आपले कोल्हापूरही होते. १३ ऑगस्टला आणखी रक्कम हाँगकाँगला गेली. एकूण ९४ कोटी रुपयांहून अधिक रकमेची ही चोरी होती. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ आरोपींना दोषी ठरवले.

तेथे होकार खोटा होता. आपल्या मोबाईलवर मात्र चोर खरा होकार मागतो.

गेल्या लग्नसराईत चुलतभावाच्या नंबरावरून मला एक पत्रिका आली. आप्पा म्हणाले, “उघड की गं, कुणाचं लगीन हाय बघू.” बोट लावणार तोच नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे दिसली. पत्रिका चित्र असते किंवा पीडीएफ. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर बसवायचे ॲप. भावाला फोन केला, तर त्याने काहीच पाठवले नव्हते. त्याच्या बाधित फोनवरून ती फाईल सर्वांना गेली होती. दर दहा दिवसांचे दुधाचे बिल आप्पांच्या ज्या खात्यात जमा होते, त्याला माझाच नंबर जोडलेला आहे. मी ‘होय’ म्हटले असते, तर नुकसान माझे एकटीचे झाले नसते.

असे ॲप बसताना मेसेज वाचण्याची परवानगी मागते. ती मिळाली की बँकेचा ओटीपी आपल्याआधी चोर वाचतो. सुलभतेची, म्हणजे ॲक्सेसिबिलिटीची परवानगी दिली, तर पडदा पाहणे आणि बटणे दाबणेही त्याला जमते.

म्हणून काही नियम पाळावेत. ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्यावे; तेथेही ते कोणाचे आहे ते पाहावे. ‘अनोळखी ठिकाणाहून ॲप बसवा’ ही सोय बंद ठेवावी. विजेरीच्या ॲपला मेसेज कशाला हवेत, हा प्रश्न स्वतःला विचारावा. फोनचे अपडेट टाळू नयेत. झेरॉक्सच्या दुकानातून आणलेला पेनड्राइव्ह तपासल्याशिवाय उघडू नये.

चूक झालीच, तर प्रथम इंटरनेट बंद करावे. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते गोठवावे आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. लाजेपोटी एक तासही दवडू नये. रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्याआधी अडवता येते, ती याच वेळात.

आपल्यापैकी कित्येकांच्या घरी फोनवरची अक्षरे वाचणारे आपण पहिलेच आहोत. घरातील माणसे आपल्या भरवशावर ‘होय’ म्हणतात. तेव्हा बोट लावण्यापूर्वी क्षणभर थांबणे, हाही आपल्या शिक्षणाचाच भाग समजावा.