जंतूंच्या संदेशांतील ‘श्री’

इस्लापुरांत घरोघरीं रात्रीं कोमट दुधांत चमचाभर विरजण घालतात व सकाळीं घट्ट दहीं मिळतें. एवढ्या वेळांत विरजणांतील जंतू कितीतरी पटींनीं वाढलेले असतात आणि प्रत्येक नव्या जंतूस नवीं प्रथिनें लागतात. तीं घडविण्याचा आरंभ कसा होतो, एवढाच प्रश्न आम्हीं येथें घेतला आहे. कारण सारी मेख आरंभांतच आहे.

प्रथिनाचा मजकूर जनुकावरून संदेशवाहक आरएनएवर उतरलेला असतो. त्यांत ए, यू, जी, सी हीं चारच अक्षरें. तीन अक्षरांचा एक शब्द व बहुतेक प्रत्येक शब्दास एक अमिनो आम्ल. तो वाचून आम्लें गुंफणारें यंत्र म्हणजे रायबोसोम. त्याचे लहान व मोठा असे दोन भाग. पण शब्दाशब्दांत जागा सोडलेली नसते! आजोबांच्या दप्तरांतील मोडी कागद ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस ही अडचण सांगावयास नको. एका अक्षराची चूक झाली कीं पुढचे सर्व शब्द बिघडून भलतेंच प्रथिन निपजतें.

आरंभाचा शब्द बहुधा एयूजी. परंतु तोच मजकुराच्या मध्येंही येतो. मग पहिला कोणता? पत्राच्या माथ्यावर आपण ‘श्री’ लिहितों. तो मजकूर नव्हे, तरी मजकूर कोठें सुरू होतो तें त्यावरून कळतें. जंतूंच्या पुष्कळ संदेशांत (सर्वांत नव्हे) आरंभशब्दाच्या थोडी आधीं ए-जी-जी-ए-जी-जी किंवा तिच्यासारखी खूण असते. ती प्रथिनांत उतरत नाहीं. १९७४ सालीं ऑस्ट्रेलियांतील जॉन शाइन व लिन डल्गार्नो ह्यांनीं तिचें मर्म ओळखलें: रायबोसोमच्या लहान भागांतील आरएनएच्या शेवटास तिच्याशीं जुळणारीं अक्षरें असतात. ही जोडी जमली कीं आरंभशब्द नेमका आपल्या जागीं येतो. फॉर्मिल-मेथिओनीन हें पहिलें आम्ल घेऊन वाहक आरएनए तेथें बसतो, तीन साहाय्यक प्रथिनें ही जुळणी साधून देतात, आणि मग मोठा भाग येऊन मिळतो.

मनुष्याच्या पेशींत बहुधा रायबोसोम संदेशाचें टोक धरून पहिल्या एयूजीपर्यंत सरकत जातो. रायबोसोमची घडणही निराळी. म्हणूनच क्षयावरील स्ट्रेप्टोमायसीन जंतूच्या लहान भागास धरतें व रोगी वांचतो. (कानांस त्यापासून अपाय होऊं शकतो, हें मात्र खरें.) बडोद्यांत वाढलेले व तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे १९७१ चे पदवीधर वेंकटरामन रामकृष्णन ह्यांनीं सहकाऱ्यांसह २००० सालीं तें औषध लहान भागांत कोठें बसतें हें दाखविलें, २००९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक त्यांस अन्य दोघांसह मिळालें. त्या जागेंतील एखादें अक्षर बदललें, तरी क्षयाचा जंतू औषधास जुमानीनासा होतो.