बेगम बाजारची पावती आणि लहान मक्तेदाराचे हिशेब

हैदराबादच्या बेगम बाजारात घाऊक खरेदीसाठी जाण्याची मराठवाड्याच्या सीमाभागातील रीत जुनी आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात समाविष्ट झाला. तत्पूर्वी या भागाची राजधानी हैदराबादच होती. निजाम अली खान यांच्या बेगमेने व्यापाऱ्यांना दिलेल्या जागेवर ही पेठ वसली, असे सांगितले जाते. भांडी, किराणा व सुकामेवा यांबरोबर येथे हार्डवेअरही मिळते. देगलूर-बिलोलीकडचा जो मक्तेदार शाळेची खोली किंवा पंचायतीची नाली बांधण्याचे काम घेतो, त्याला भाव उतरलेला दिसला की तो बिजागऱ्या आणि नळ येथूनच नेतो.

घाऊक पेठ कोणतीही असो, भाव कशामुळे उतरला हे पाहिले पाहिजे. कच्च्या चिठ्ठीवर घेतलेला माल स्वस्त भासतो, परंतु ती चिठ्ठी आकारणी अधिकाऱ्यापुढे खर्चाचा पुरावा म्हणून टिकत नाही. पक्क्या पावतीवर मक्तेदाराचे नाव व महाराष्ट्रातील नोंदणी क्रमांक असावा. तेलंगणातून आलेल्या मालावर एकात्मिक वस्तू व सेवा कर लागतो आणि तो मक्तेदारास स्वतःच्या करातून वजा करून मिळतो. मात्र पुरवठादाराने ती विक्री आपल्या विवरणपत्रात दाखविलेली असली पाहिजे. पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल राज्याची सीमा ओलांडत असेल, तर ई-वे बिल बरोबर असावे लागते. ही सर्व बेरीज केल्यावर चिठ्ठीचा माल खरोखर स्वस्त ठरतो काय, हे ज्याचे त्याने पाहावे.

बांधकामाच्या मक्त्यावर विक्रीकर लागतो की नाही, हा वाद दीर्घकाळ चालला. मद्रास राज्य विरुद्ध गॅनन डंकर्ली या प्रकरणी १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, इमारतीचा मक्ता हा एकसंध करार असून त्यात विटा-सिमेंटची स्वतंत्र विक्री नसते. पुढे १९८२ च्या ४६ व्या घटनादुरुस्तीने राज्यांना त्यातील मालावर कर बसविण्याचा अधिकार मिळाला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराखाली असा मक्ता सेवा म्हणून गणला जातो. आयकराच्या बाजूने पाहता, मक्तेदाराच्या देयकातून मुळातच कर कापण्याची तरतूद १९७२ सालापासून आहे.

खरी अडचण याच कपातींपाशी उद्भवते. मक्तेदार बँकेत जमा झालेली रक्कम तेवढी वहीत लिहितो आणि तिलाच उत्पन्न समजतो. एक उदाहरण घेऊ. दहा लक्ष रुपयांच्या कामावर १८ टक्के कर धरता देयक अकरा लक्ष ऐंशी हजारांचे होते. कार्यालय त्यातून आयकर एक टक्का म्हणजे १०,००० रुपये (मक्तेदार एकटी व्यक्ती असल्यास), वस्तू व सेवा कराची दोन टक्के कपात २०,०००, बांधकाम कामगार कल्याण उपकर १०,००० आणि सुरक्षा ठेव पाच टक्के धरल्यास ५०,००० वजा करते. हाती येतात दहा लक्ष नव्वद हजार. यांपैकी उत्पन्नाची जमा म्हणून लिहावयाची रक्कम दहा लक्षच होय. एक लक्ष ऐंशी हजार ही शासनाची रक्कम आहे. आयकराची कपात हा आगाऊ भरलेला कर आहे. वीस हजार आपल्या इलेक्ट्रॉनिक रोख खात्यात जमा होतात. उपकर हा खर्च, आणि ठेव ही येणे रक्कम. दोन्ही कर विभागांकडे या देयकाची नोंद कापणाऱ्या कार्यालयाने आधीच पाठविलेली असते. वहीतला आकडा त्याहून निराळा निघाला की नोटीस येते, आणि तीत दोष बहुधा लबाडीचा नसून अडाणी जमाखर्चाचा असतो.

लहान मक्तेदारास वहीखाते न ठेवता ठराविक टक्केवारीने नफा दाखविण्याची सोय १९९४ साली मिळाली. तो दर मुळात आठ टक्के होता. ही सोय घेतली म्हणजे छाननी टळली, असा समज गावोगावी दिसतो. तो चुकीचा आहे. बँकेतील जमा दाखविलेल्या उलाढालीपेक्षा जास्त असेल, तर तिचा खुलासा द्यावाच लागतो.

छाननीची नोटीस आल्यास प्रथम तिच्यावरील दस्तऐवज क्रमांक आयकराच्या संकेतस्थळावर पडताळून पाहावा. ऑक्टोबर २०१९ पासून असा क्रमांक घालण्यात येतो. आकारणी आता बहुतांशी समोरासमोर न होता संगणकाद्वारे होत असल्याने तोंडी स्पष्टीकरणास फारसा वाव राहिलेला नाही. कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतील नोंदींच्या प्रती, देयके, पक्क्या पावत्या, मजुरांची हजेरी व वेतनपट हे कागद कामवार लावून पाठवावेत. मजुरी रोखीने देणाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी : एका व्यक्तीस एका दिवसात दहा हजारांहून अधिक रोख दिल्यास तो खर्च सर्वसाधारणपणे मान्य होत नाही. पोटमक्तेदारास हिशेब चुकता करताना ही मर्यादा हटकून ओलांडली जाते. मुदत अपुरी वाटल्यास ती संपण्यापूर्वी वाढवून मागावी. मौन पाळल्यास अधिकारी आपल्या विवेकाने एकतर्फी आकारणी करू शकतो.

सुरक्षा ठेव दोषदायित्व कालावधी संपल्यावर परत येते, पुष्कळदा पुढच्या वा त्याही पुढच्या वर्षी. मूळ देयक संपूर्ण जमेस धरलेले असेल, तर ती त्या वर्षाचे उत्पन्न म्हणून पुन्हा दाखवू नये. जुन्या येण्यातून ती वजा करावी व त्या देयकाचा क्रमांक नोंदीसमोर लिहावा.