दोन सह्यांचं खातं

आमच्या यांनी रमीच्या ॲपवर महिन्याची मर्यादा स्वतःच लावून ठेवली होती. हे मला सगळं बाहेर आल्यावर कळलं, आणि खरं सांगते, रागाच्या आधी नवल वाटलं. म्हणजे माणसाला आपलं कळत होतं. पण ज्या रात्री ती मर्यादा भरली, त्या रात्री ज्या अंगठ्यानं ती लावली होती त्याच अंगठ्यानं दुसरं ॲप उतरवून घेतलं.

उदगीरच्या मोंढ्यात एका आडतीवर हे मुनीम आहेत. तूर, सोयाबीन, हरभऱ्याच्या पट्ट्या लिहिणं, शेतकऱ्यांचे पैसे देणं-घेणं, सगळं यांच्या हातून होतं. पट्टीत हमाली-तोलाईचा रुपया इकडचा तिकडं झाला तर मालकाशीही वाद घालणारा माणूस. तरी खेळाचा हिशेब त्यांनी कधी मांडला नाही. पुढं एका रात्री आम्ही दोघांनी तो कागदावर मांडला. ऑक्टोबर २०२३ पासून अशा खेळात भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता, म्हणजे १०० भरले की सुमारे २२ रुपये करात. ती तूट बोनस म्हणून परत दिसायची, म्हणून बोचायची नाही. टेबलावर कंपनीचं कमिशन वेगळं. आणि जिंकून काढायला गेलं की निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस. कागद बघून हे म्हणाले, “एवढी कटती लावली तर शेतकरी माल परत घेऊन जाईल.” मी काही बोलले नाही.

सासूबाईंचं म्हणणं वेगळं होतं. “पत्ते तर पोळ्यालाबी खेळतेत की, त्यात काय एवढं?” त्यांचंही चूक नाही. आमच्याकडं तिर्रटचे डाव बसतात, पोलीस धाड घालतात, दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी येतात. त्याआधी मटका होता. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर मुंबईत सुरू झालेला तो खेळ साठच्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी आकडे काढून चालवला आणि गावोगावच्या पानटपऱ्यांवर आणला. मटक्याची वकिली मला करायची नाही, त्यानंही घरं बुडाली. पण तिथं टपरीपर्यंत चालत जावं लागे, खिशातून नोट काढावी लागे, ओळखीचं कुणी बघेल ही धास्ती असे, आणि ओपन-क्लोज या दोन आकड्यांच्या मध्ये काही तास जात. तेवढ्या वेळात एखाद्याचं डोकं ठिकाणावर येई. फोनवर हरलेला डाव आणि पुढचा डाव यांच्यात श्वास घ्यायलाही जागा नाही. रात्री दोन वाजता पांघरुणाखाली कोण बघतंय? “गेलेले तेवढे काढतो आणि बंद करतो,” हे वाक्य आमच्या घरात किती वेळा बोललं गेलं ते मी मोजलं नाही.

जुलै २०२५ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा विधान परिषदेतला मोबाइलवर रमी दिसणारा व्हिडिओ सगळीकडं फिरला. आपण खेळत नव्हतो, असं ते म्हणाले. लातूरला तर त्यांच्याच पक्षाचे नेते सुनील तटकरे यांच्यासमोर पत्ते टाकले गेले. मोंढ्यात सगळे हसत होते. हे मात्र त्या दिवशी जेवायला घरी आले आणि ताटावरून न बोलता उठले.

पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट २०२५ मध्ये, संसदेनं पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वाद त्यात उरला नाही. खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पोलिसांच्या भीतीनं कितीतरी लोक मदत मागायला जात नाहीत. मोठ्या कंपन्यांनी पैशाचे खेळ लगेच बंद केले. मला वाटलं, सुटलो.

सुटलो नव्हतो. ॲप गेलं आणि ‘आयडी’ आली. व्हॉट्सॲपवर कुणीतरी आयडी-पासवर्ड देतो, साइट परदेशातली, पैसे भरायचे ते तिसऱ्याच माणसाच्या खात्यावर. ते खातं बहुतेक वेळा भाड्यानं घेतलेलं असतं. अशा खात्याची कुठं तक्रार झाली की त्याच्याशी व्यवहार झालेल्या खात्यांवरही होल्ड येऊ शकतो. शेतकऱ्यांची देणी ज्याच्या हातून जातात, त्याच्या खात्यावर होल्ड येणं म्हणजे काय, हे मोंढ्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको. “खातं वापरायला दे, महिन्याला पैसे मिळतील,” असं कुणी तुमच्या पोराला म्हणालं, तर त्याला त्याच क्षणी तिथून उठवा. अशा साइटवर मर्यादा नसते, तक्रारीला दारही नसतं.

ब्रिटनमध्ये गॅमस्टॉप नावाची सोय आहे. माणसानं एकदा नाव नोंदवलं की परवाना असलेली प्रत्येक ऑनलाइन कंपनी त्याला दार बंद करते, निदान सहा महिने, आणि मध्येच मन बदललं तरी ते उघडत नाही. मला त्यातलं हे ‘उघडत नाही’ पटलं. आपल्याकडच्या जाहिरातीत शेवटी भरभर वाचलं जायचं की यात आर्थिक जोखीम आहे, सवय लागू शकते, जबाबदारीनं खेळा. पण ज्याची सवय सुटत नाही, त्याच्यावरच जबाबदारी टाकायची, हा कुठला न्याय?

मी गल्लीतल्या बचत गटाची सचिव आहे. आमच्या गटाच्या खात्यातून एकटीच्या सहीवर एक रुपया निघत नाही, माझ्याही नाही. अध्यक्षबाई गावाला गेल्या तर आम्ही त्या येईपर्यंत थांबतो. कुणावर अविश्वास म्हणून हा नियम नाही. तेच मी घरी आणलं. हे आधी चिडले, “मी काय लेकरू हाय का?” मी म्हटलं, “अहो, मग मी गटात लेकरू आहे का?” पटायला वेळ लागला. जबरदस्तीनं हे होत नाही. फोन हिसकावला तर माणूस दुसरा फोन घेतो.

आधी पगार माझ्या खात्यावर वळवला. यांच्या फोनमधून त्यांच्या खात्याचं यूपीआय काढलं आणि यूपीआय सर्कल लावलं. ही सोय २०२४ पासून आहे. त्यात पैसे एकाच्या खात्यातून जातात आणि दुसरा माणूस स्वतःच्या फोनवरून मागणी टाकतो. अर्धा अधिकार दिला की प्रत्येक मागणी मूळ खातेदाराकडं येते आणि तो पिन टाकेल तेव्हाच पैसे जातात. पूर्ण अधिकारही देता येतो, पण तिथंही एका वेळी ५ हजार आणि महिन्याला १५ हजारांच्या वर जाता येत नाही. आम्ही सुरुवातीला अर्धाच घेतला. चहा-पाण्यासाठी प्रत्येक वेळी बायकोला फोन करणं बरं दिसत नाही, म्हणून खिशात थोडी रोख असते. डेबिट कार्डचे ऑनलाइन व्यवहार बँकेच्या ॲपमधून बंद केले. ही सोय रिझर्व्ह बँकेच्या आदेशानं प्रत्येक बँकेला द्यावीच लागते. यूपीआयमधला ऑटोपे उघडून जुन्या परवानग्या रद्द केल्या. बेटब्लॉकर नावाचं फुकट ॲप टाकलं. ते जुगाराच्या साइट अडवतं, आणि लावलेली मुदत संपेपर्यंत काढता येत नाही. गूगलच्या जाहिरात सेटिंगमध्ये जुगाराच्या जाहिराती कमी करायचा पर्याय असतो, तोही लावला.

यातलं कुठलंच कुलूप पक्कं नाही. यातून फक्त वेळ मिळतो, आणि तल्लफ आली की तेवढा वेळच हवा असतो.

कर्जाचं मात्र सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण सगळ्यात जास्त खोटं तिथंच बोललं जातं. तोंडी विचारू नका. प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. शेजारी बसून दोघांनी तो काढावा. कुठल्या ॲपचं किती उचललं, हप्ता कधी थकला, सगळं दिसतं. हातउसने त्यात येत नाहीत, म्हणून ते वेगळ्या वहीत लिहायचे. आमच्या अहवालात यांनी न सांगितलेली दोन नावं निघाली. त्या रात्री मी स्वयंपाक केला नाही. पण दुसऱ्या दिवशी आकडा तरी पक्का होता. माझ्या भावानं सगळं एकदम फेडून टाकायची तयारी दाखवली. मी नाही म्हटलं, आणि आजही तेच म्हणेन. सोनं मोडून, शेत गहाण टाकून पाटी एकदम कोरी करून दिली, की पुन्हा लिहायला जागा होते. व्याज जास्त असलेलं आधी, मग नातेवाईक, असे हप्ते बांधले. वहीत ते यांच्याच अक्षरात आहेत.

मालकांना सांगायचं की नाही, यावर आमचं बरंच भांडण झालं. शेवटी हे स्वतःच जाऊन सांगून आले. मालकांनी कामावरून काढलं नाही, पण रोख तिजोरीची किल्ली काही दिवस स्वतःकडं ठेवली. यांना ते लागलं. मला ते बरोबरच वाटलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचं व्यसन आजार म्हणून नोंदलेलं आहे, हे मला टेली-मानस या मदतीच्या फोनवर कळलं. नंबर १४४१६. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. पहिला फोन मीच केला. हे बोलायला तयार नव्हते, तर पलीकडच्या बाईंनी माझंच ऐकून घेतलं. घरच्या माणसानंही फोन केला तरी चालतो, हे अनेकांना माहीत नसतं. कुणी तोंडातून मरणाची भाषा काढली तर हप्ते, हिशेब, सगळं बाजूला ठेवून आधी हा फोन करा आणि त्या माणसाला एकटं सोडू नका. पैसे फसवून घेतले असतील तर १९३० वर लगेच कळवा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

आता यांना सर्कलमध्ये पूर्ण अधिकार दिला आहे, महिन्याची मर्यादा लहान ठेवून. माझ्या खात्याचं स्टेटमेंटही ते महिन्याच्या एक तारखेला बघतात. तसं आमचं ठरलेलं आहे. वर्षात दोन वेळा आम्ही पुन्हा अर्ध्या अधिकारावर येतो, दसऱ्यानंतर सोयाबीनची आवक वाढून मोंढ्यात रोकड खेळायला लागते तेव्हा आणि आयपीएल सुरू असताना. यंदा आयपीएलच्या आधी ते त्यांनी स्वतःच सुचवलं. मी बदल केला आणि त्यांच्या फोनवर मेसेज आला का, ते बघायला सांगितलं.