परड्यातील भाड्याच्या खोल्या : हिशेब आणि धोरण

आमच्या बेळगाव-शहापूरच्या जुन्या पेठांतील घरांची ठेवण सर्वांच्या परिचयाची आहे. रस्त्याकडे तोंड अरुंद, आत मात्र लांबच लांब. पुढे दुकान वा सोपा, मध्ये माजघर आणि शेवटी परडे. या परड्यात एके काळी विहीर, गोठा आणि जळणाची खोप असे. आता गुरे गेली, जळणाच्या जागी गॅस आला, मुले पुण्याबंगळुरास नोकरीधंद्याला लागली आणि मागची जागा मोकळी पडली. तेथे दोन खोल्या बांधून भाड्याने द्याव्यात, म्हणजे उतारवयात महिन्याची निश्चित प्राप्ती होईल, हा विचार अनेक सभासदांच्या मनात घोळत असतो. तो चुकीचा नाही. १९९८ साली येथे विश्वेश्वरय्या तंत्रविद्या विद्यापीठ स्थापन झाले, वैद्यकीय महाविद्यालये आहेत, उद्यमबागेत कारखाने आहेत. खोली शोधणारा माणूस या शहरात सहसा मिळतो.

परंतु या विषयात बहुतेकांचा पहिला प्रश्न 'भाडे किती येईल?' हा असतो. आमच्या मते तो शेवटचा असावयास हवा. भुसार मालाची खरेदी करताना आपण आधी मालाची ओल, कचरा आणि गोदामाची जागा पाहतो. भावाची गोष्ट त्यानंतर. तोच क्रम येथेही ठेवावा.

१. जागा कोणाची?

परडे बहुधा वडिलार्जित असते. खातेउताऱ्यावर वडिलांचे वा आजोबांचे नाव, राहणारा एक भाऊ, बाकीचे परगावी, अशी स्थिती घरोघर आढळते. हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू आहे आणि २००५ सालच्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींनाही मुलांच्या बरोबरीने जन्मतः हक्क मिळाला आहे. म्हणून सामायिक जागेत एकाने स्वतःच्या पैशाने खोल्या बांधल्या, तर दहा वर्षांनी प्रश्न उभा राहतोच : भाडे कोणाचे, आणि वाटणीच्या वेळी बांधकामाचा खर्च कोणाच्या नावे मांडावयाचा? तोंडी समजूत वडील मंडळी हयात असेपर्यंत टिकते. पुढच्या पिढीस ती ठाऊकही नसते.

यास्तव पायाची कुदळ मारण्यापूर्वी भावांबरोबर बहिणींनाही बोलवावे. खर्च कोण करणार, भाडे कोण घेणार, आईवडिलांच्या चरितार्थास त्यातील किती राहणार आणि वाटणीत खोल्यांचा हिशेब कसा होणार, हे वकिलाच्या सल्ल्याने लेखी करून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. खोल्यांचे भाडे हे भावाबहिणींतील अबोल्याची किंमत ठरू नये.

२. परडे किती पेलते?

महानगरपालिकेचा परवाना प्रथम घ्यावा. भोवती किती जागा मोकळी सोडावयाची आणि एकूण किती बांधता येईल, हे जागेच्या मापावर ठरते. त्याप्रमाणे परवानाधारक अभियंत्याकडून नकाशा करून घ्यावा. 'मागच्या बाजूस कोण पाहतो' हे धोरण आता फारच महाग पडेल. डिसेंबर २०२४ मधील एका निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने वीज, पाणी व सांडपाणी यांची जोडणी पूर्णता अथवा भोगवटा प्रमाणपत्र पाहूनच द्यावी असे निर्देश दिले आहेत. दिवा आणि नळ नसलेली खोली कोण घेणार?

दुसरी गोष्ट विहिरीची. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली विहीर या शहरात आजही ओळखली जाते. आमच्या परड्यांतील अनेक विहिरी तर तिच्याहून जुन्या आहेत. खोल्या बांधताना जागेच्या लोभाने विहीर बुजविण्याचा मोह होतो. तो टाळावा. उन्हाळ्यात नळाचे पाणी लांबले, की घरमालकास व भाडेकरूस तीच आधार असते. मात्र विहीर राखावयाची, तर शौचालयाचा शोषखड्डा तिच्यापासून निदान १८ मीटर, म्हणजे सुमारे ६० फूट, दूर असावा असे भारतीय मानकात सांगितले आहे. आपल्या अरुंद परड्यांत एवढे अंतर क्वचितच मिळते. ते मिळत नसेल, तर मैला रस्त्यावरील गटारवाहिनीस जोडणे हाच मार्ग. परडे रस्त्याहून सखल असेल, तर नळास उतार मिळेल किंवा नाही हे पाया खणण्याआधी पातळी लावून पाहावे. ही एकच गोष्ट साधत नसेल, तर खोल्यांचा बेत सोडून द्यावा, असे आम्ही स्पष्ट सांगतो. शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी नासवून मिळविलेले भाडे न्यायार्जित म्हणता येणार नाही.

तिसरी गोष्ट ओल आणि उजेड. धान्याची थप्पी आपण जमिनीवर लावीत नाही, खाली फळ्या घालतो. माणसाच्या खोलीस तरी निराळा न्याय का असावा? जोते भोवतालच्या जमिनीपेक्षा निदान ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट, उंच असावे आणि त्यावर ओल अडविणारा थर घालावा. पाया काळ्या मातीत न थांबविता खाली घट्ट मुरूम लागेपर्यंत न्यावा, कारण काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भिंती तडकतात. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहण्याची खोली ९.५ चौरस मीटरहून, म्हणजे सुमारे १०२ चौरस फुटांहून, लहान नसावी. तिची रुंदी निदान २.४ मीटर आणि उंची २.७५ मीटर असावी. दहा फूट बाय बारा फुटांची खोली या मापात बसते. खिडकी शेजाऱ्याच्या भिंतीसमोर न ठेवता मोकळ्या अंगणाकडे ठेवावी. परडे पूर्ण भरून चार कोंदट खोल्या काढण्यापेक्षा अर्धे मोकळे ठेवून दोन चांगल्या खोल्या काढणे फायद्याचे ठरते. कोंदट खोलीतील भाडेकरू टिकत नाही.

चौथी गोष्ट वाटेची. भाडेकरूस बाजूच्या बोळातून स्वतंत्र वाट असावी; त्याने रोज आपल्या माजघरातून जाऊ नये आणि आपणही त्याच्या दारावरून वारंवार फिरू नये. आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात गृहस्थाचे गुण सांगताना घर फार उघडे नसावे, फार झाकलेले नसावे आणि शेजार चांगला असावा, असा अभिप्राय दिला आहे. परड्यात खोली बांधणारा मनुष्य स्वतःचा शेजार स्वतःच घडवीत असतो, म्हणून हा उपदेश त्यास विशेष लागू पडतो.

३. हाती काय उरते?

आता आकडेमोड करू. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. वाचकांनी आपल्या गावचे दर घालावेत. प्रत्येकी खोली, स्वयंपाकघर व न्हाणीघर अशी दोन बिऱ्हाडे, मिळून ५०० चौरस फूट, दर २,००० रुपये धरल्यास १०,००,००० रुपये. गटार, पाण्याची टाकी, वीज व परवाना यांसाठी १,५०,०००. एकूण ११,५०,००० रुपये.

प्रत्येक बिऱ्हाडाचे भाडे दरमहा ५,५०० धरल्यास वर्षाचे १,३२,००० होतात, म्हणजे शेकडा साडेअकरा. येथेच पुष्कळांचा हिशेब थांबतो. परंतु पोत्यातील माल वाळून घट येते तशी भाड्यातही घट असते. वर्षात एक महिना खोली रिकामी राहील असे धरावे : ११,००० वजा. वाढलेली घरपट्टी ५,०००, रंग व दुरुस्ती १५,०००, पंप व सामायिक दिवे ५,०००. बाकी उरते ९६,०००, म्हणजे शेकडा सव्वाआठ-साडेआठ. स्वतःच्या बचतीवर ही प्राप्ती वाईट नाही. तथापि सर्व रक्कम शेकडा ९ दराने कर्जाऊ घेतली, तर पहिल्या वर्षाचे व्याजच १,०३,५०० होते. म्हणजे खोल्या भरलेल्या असूनही पदरचे साडेसात हजार घालावे लागतील आणि मुद्दल तसेच राहील. निम्मे भांडवल घरचे असल्यावाचून या कामात पडू नये, हा आमचा सल्ला आहे.

आयकराच्या बाबतीत हाती आलेल्या भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्यावर सरसकट ३० टक्के सूट मिळते. वरील उदाहरणात १,१६,००० वर ३४,८०० सूट मिळून ८१,२०० राहतील. दुरुस्तीचा खर्च कमी होवो वा जास्त, सूट तेवढीच. कर्जाचे व्याज मात्र निराळे वजा मागता येते.

४. करार आणि व्यवहार

आपल्या वडीलधाऱ्यांच्या मनात भाडेकरूविषयी जी भीती असते तिला इतिहास आहे. आपला जिल्हा मुंबई इलाख्यात असताना १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा येथे लागू होता. राज्यपुनर्रचनेनंतर १९६१ चा राज्याचा कायदा आला. भाडी गोठली, दुरुस्ती थांबली, आणि लोक खोली रिकामी ठेवीत पण देत नसत. १९९९ चा कर्नाटक भाडे कायदा २००१ च्या अखेरीस अमलात आल्यावर परिस्थिती पालटली आहे. तरीही लेखी करारावाचून किल्ली देऊ नये. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. ११ महिन्यांच्या कराराची प्रथा त्यामुळेच पडली. भाडे, अनामत, वाढ, दुरुस्ती कोणी करावयाची आणि सूचनेची मुदत ही पाच कलमे त्यात स्वच्छ असावीत. भाडे बँकेतून घ्यावे व पावती द्यावी. केंद्राने २०२१ साली मंजूर केलेल्या आदर्श भाडेकायद्यात निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती सुचविली आहे. तो मसुदा राज्यांनी स्वीकारावयाचा असला, तरी सचोटीच्या घरमालकास ते माप ध्यानात घेण्यासारखे आहे.

वीजमापक प्रत्येक बिऱ्हाडास स्वतंत्र ठेवावा. २०२३ साली सुरू झालेल्या गृहज्योती योजनेत भाडेकरूंनाही नाव नोंदविण्याची सोय ठेवण्यात आली. एका मापकावर तीन चुली चालविल्यास हा लाभ जातो आणि दर महिन्यास वाद मात्र येतो.

शेवटी एवढेच. आपल्या व्यापारात तागडी आणि शब्द या दोन गोष्टींवर पेढी चालते. अनामत वेळेवर परत करणे, गळके छप्पर पावसाळ्यापूर्वी दुरुस्त करणे आणि सणावारी कोणी पाहुणा आला म्हणून भाडेकरूस न टोकणे, ही घरमालकाची तागडी होय. असे घर एका महिन्यात रिकामे होते आणि त्याच महिन्यात, जुन्या भाडेकरूच्या शिफारशीवर, पुन्हा भरते. वरच्या हिशेबात रिकाम्या महिन्याचे जे ११,००० रुपये आम्ही वजा धरले आहेत, ते वाचविण्याचा याहून चांगला उपाय आम्हांस ठाऊक नाही.