जुना मोडेम व नवा राउटर

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेच्या वाचनालयासाठीं एक नवा राउटर विकत घेण्यांत आला. जुन्या मोडेमचा वाय-फाय मागील बांकांपर्यंत पोहोंचत नसे, अशी सर्वांचीच तक्रार होती. नवें यंत्र आलें, तारा जोडल्या, दिवे लागले. परंतु एकही पान उघडेना. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याची मुदत संपण्यास तीनच दिवस उरले होते, आणि अर्जदार मुलें दाराशीं ताटकळत उभीं होतीं. आम्हीं प्रथम टेलिफोन कंपनीस दोष दिला; मग मोडेमच जीर्ण झाला असें ठरवून तो भंगारांत काढला. अखेरीस कळून आलें कीं, दोष कंपनीचाही नव्हता व मोडेमचाही नव्हता. तो आमच्या अज्ञानाचा होता. असा प्रसंग आपल्यापैकीं कोणाच्याही घरीं येण्याजोगा असल्यामुळें तो येथें सविस्तर सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम या दोन यंत्रांचीं कामें वेगळीं कशीं, तें पाहूं. मोडेम हें नांव ‘मॉड्युलेटर’ व ‘डीमॉड्युलेटर’ या दोन शब्दांचे तुकडे जोडून बनलें आहे. संगणकाची भाषा शून्य व एक या दोन अंकांची. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेंतून मात्र विद्युल्लहरी वाहतात. अंकांच्या लहरी करणें व आलेल्या लहरींचे पुन्हां अंक करणें, एवढेंच मोडेमचें काम. तो दुभाषी होय.

राउटर हा दुभाषी नव्हे. त्यास वसतिगृहाच्या कारकुनाची उपमा शोभेल. वसतिगृहांत मुलें साठ असलीं तरी टपालवाल्यास पत्ता एकच ठाऊक असतो. कोणत्या मुलाचें पत्र कोठें गेलें याची कारकून नोंद ठेवतो, आणि उत्तर येतांच तें त्या त्या खोलींत पोहोंचवितो. राउटरही असेंच करतो. बाहेरच्या जगांत आपल्या घराचा पत्ता एक. आंत मात्र प्रत्येक संगणकास व फोनास तो निराळा घरगुती पत्ता वांटून देतो. ही युक्ति काढावी लागली, कारण जुन्या पद्धतीचे इंटरनेटचे पत्ते सारे मिळून सुमारें ४२९ कोटि, आणि जगांतील यंत्रांस ते पुरेनात. घरगुती वापरासाठीं १९२.१६८ या आंकड्यांनीं सुरू होणारे पत्ते राखून ठेवलेले आहेत. ते कोणीही आपापल्या घरांत वापरावे.

आतां खरी मेख ऐका. टेलिफोन कंपन्या ग्राहकांस ‘मोडेम’ म्हणून जी पेटी देत आल्या, तींत बहुधा दुभाषी व कारकून असे दोघेही बसविलेले असतात. तिच्यापुढें नवा राउटर लावला कीं घरांत कारकून दोन होतात. आणि एका म्यानांत दोन तलवारी राहत नाहींत, ही म्हण येथें अक्षरशः लागू पडते.

आमच्याकडे दोन्ही यंत्रांचा घरगुती पत्ता १९२.१६८.१.१ हाच होता. पत्र आंत द्यावयाचें कीं बाहेर, हें नव्या यंत्रास कळेना, व सर्व टपाल तेथेंच अडलें. पत्ता बदलल्यावर पानें उघडूं लागलीं, तरी चित्रसंभाषण मध्येंच तुटूं लागलें. मागविलेलें उत्तर दोन्ही कारकुनांच्या नोंदींवरून परत येतें. पण आपण होऊन बाहेरून आलेलें पत्र पहिल्याच कारकुनापाशीं थांबतें, कारण त्याच्या वहींत तें कोणाचें, याची नोंदच नसते.

यावर उपाय एकच : मोडेमनें कारकुनी सोडावी व फक्त दुभाष्याचें काम करावें. या व्यवस्थेस ‘ब्रिज मोड’, म्हणजे सेतु-अवस्था, म्हणतात. तिची रीति अशी.

पहिलें, कंपनीनें दिलेलें ग्राहकनाम व पासवर्ड कागदावर लिहून घ्यावे, आणि मोडेमच्या सर्व पानांचीं छायाचित्रें काढून ठेवावीं. टांचणीनें दाबावयाचें ‘रीसेट’चें बटण घाईनें दाबूं नये, दाबल्यास सर्व नोंदी पुसल्या जातात.

दुसरें, संगणक तारेनें मोडेमला जोडून त्याचें पान उघडावें. तेथें व्हीपीआय व व्हीसीआय असे दोन आंकडे दिसतील. ते तारेच्या पलीकडील यंत्राशीं जुळणारे असतात, म्हणून त्यांस हात लावूं नये. मोडेमचा वाय-फाय बंद करावा, आणि जोडणीचा प्रकार ‘ब्रिज’ करून तें जतन करावें.

तिसरें, मोडेमच्या ‘लॅन’ छिद्रांतून निघालेली तार नव्या राउटरच्या ‘वॅन’ अथवा ‘इंटरनेट’ असें लिहिलेल्या छिद्रांतच घालावी.

चौथें, नव्या राउटरवर ‘पीपीपीओई’ हा प्रकार निवडून तें ग्राहकनाम व पासवर्ड तेथें भरावे. एमटीयू हा आंकडा विचारल्यास १४९२ लिहावा; नेहमींच्या १५०० मधून ८ या जोडणीच्या वेष्टनासाठीं जातात. राउटरचा घरगुती पत्ता मोडेमच्या पत्त्याहून निराळा ठेवावा.

पांचवें, दोन्ही यंत्रें बंद करून आधीं मोडेम सुरू करावा, त्याचा ‘डीएसएल’ दिवा स्थिर झाल्यावर मग राउटर.

पासवर्ड हरवला असेल आणि लगेच मिळण्याजोगा नसेल, तर उलट करावें : मोडेमची कारकुनी तशीच राहूं द्यावी व नव्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट’ करावा, म्हणजे तो केवळ वाय-फाय पसरवील. कारकून कोणीही असो. तो एकच असावा, हें मुख्य.

पालकांस एक सूचना. नवा राउटर घेतल्यानें तारेचा वेग वाढत नाहीं. एडीएसएल-२-प्लस या पद्धतीचा कमाल वेग सेकंदास सुमारें २४ मेगाबिट. टेलिफोन केंद्र जितकें दूर, तितका तो कमी. नव्या यंत्रानें सुधारतें तें घरांतील वांटप. शिवाय नव्या राउटरचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशीं बदलावा.

आमचा ग्राहकनामाचा कागद दोन दिवस सांपडेना. शेवटीं आमच्या शिपाईबुवांनीं तो जुन्या हजेरीपटाच्या पुठ्ठ्याआडून काढून दिला. त्यांनींच तो जपून ठेवला होता. मुदतीच्या शेवटल्या दिवशीं सायंकाळीं सर्व अर्ज गेले. भंगारांत काढलेला तो जुना मोडेम आजही आपलें काम चोख बजावीत आहे.

एक गोष्ट मात्र येथें नमूद केलीच पाहिजे. “सर, दोघेही पत्ते वांटत आहेत,” असें नववींतील एक विद्यार्थी पहिल्याच दिवशीं म्हणाला होता. आम्हीं त्यास गप्प बसविलें. दोन दिवस वायां गेले ते त्यामुळें. यंत्र जुनें म्हणून टाकूं नये, तसेंच बोलणारा लहान म्हणून त्याचें बोलणेंही टाकूं नये, हा धडा या प्रसंगानें आम्हांसच शिकविला.