पांच अक्षांचें मिलिंग यंत्र व पंपाचा इंपेलर

विहिरीवरील पंप उघडला म्हणजे आंत जो इंपेलर दिसतो, त्याच्या पात्यांचें वळण बिघडलेलें असेल तर खर्चलेल्या विजेच्या मानानें पाणी कमी पडतें. हें वळण धातूंत कसें उतरवितात, तें शेतकरी बंधूंनीं समजून घेणें आम्हांस इष्ट वाटतें.

मिलिंग यंत्रांत वेगानें फिरणाऱ्या कटरनें धातु कापतात. साध्या यंत्रांत कटर व काम यांची सरक तीन दिशांनीं होते: डावीउजवीकडे, मागेंपुढें व खालींवर. यांस तीन अक्ष म्हणतात. सपाट पृष्ठास अथवा सरळ खांचेस एवढें पुरतें. परंतु पीळ असलेल्या दोन पात्यांमधील अरुंद जागेंत उभा कटर नीट शिरत नाहीं. बळेंच घातल्यास शेजारचें पातें कापतो. म्हणून कटर किंवा काम कलतें करणारे व फिरविणारे आणखी दोन अक्ष जोडतात. पांचही अक्ष एकाच वेळीं चालले म्हणजे कटर पात्याच्या वळणाबरोबर कलत जातो.

यांत आणखी दोन लाभ आहेत. मोजणीची सांखळी जितक्या वेळां उचलून पुन्हां टाकावी, तितका थोडाथोडा फरक सांचतो. काम सोडून पुन्हां बांधण्याचेंही तसेंच आहे. एकाच बांधणींत सर्व बाजू कापल्यास हा फरक टळतो. दुसरें असें कीं, गोल तोंडाच्या कटरच्या अगदीं मध्यबिंदूस कापण्याचा वेग शून्य असतो. तेथें धातु कापला न जातां घांसला जातो. कटर किंचित् कलता धरल्यानें बाजूची धार कापते व पृष्ठ गुळगुळीत होतें.

पांच हालचालींचा असा मेळ हातानें साधत नाहीं. १९५२ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथें छिद्रें पाडलेल्या फितीवरील आज्ञांप्रमाणें तीन अक्षांत चालणारें मिलिंग यंत्र दाखविण्यांत आलें. आज संगणक वस्तूच्या आकृतीवरून कटरचा मार्ग आंखतो, व कटर कोठें आदळणार असेल तर तें आधींच पडद्यावर दाखवितो.

तथापि केवळ यंत्राच्या नांवास भुलूं नये. शेतीच्या पंपांचे पुष्कळ इंपेलर ओतीव असतात. तेथें हें यंत्र फार तर सांचा करण्याच्या कामीं येतें. ज्या पात्यांस वांक आहे पण पीळ नाहीं, तीं तीन अक्षांतही कापतां येतात. विक्रेता अधिक दाम मागूं लागल्यास त्यास विचारावें कीं, पात्यांस पीळ आहे काय, आणि आमच्या विहिरीच्या उंचीस किती विजेंत किती पाणी पडेल? हें उत्तर लेखी घ्यावें, व पाणी मोजून पाहिल्यावरच पूर्ण रक्कम द्यावी.