मे महिन्यातली विहीर

दख्खनच्या बेसाल्टी पठारावर नव्या बोअरची धार पाहून पाण्याचा अंदाज बांधणे शेतकऱ्याला फार महागात पडते. महाराष्ट्राचा 80 टक्क्यांहून अधिक भाग याच खडकाचा आहे. त्यात पाणी साठते ते मुख्यतः वरच्या मुरमात, सच्छिद्र मांजऱ्या थरात आणि भेगांत. अखंड काळा पाषाण जवळपास कोरडाच. खोल बोअरला एखादी भेग लागली की पाणी उसळते, पण ते बहुधा शेजारच्या विहिरीचे किंवा वर्षानुवर्षे मुरलेले असते. पुढे धार बारीक होते आणि कर्ज तेवढे उरते. पाणाड्याने जागा अचूक दाखवली, तरी साठा किती हे त्यातून कळत नाही.

साठ्याचा अंदाज पातळीवरून येतो. रात्रभर उपसा बंद ठेवून, सकाळी मोटर सुरू होण्याआधी, कठड्यावरच्या ठरलेल्या खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. मेअखेरीस एकदा, ऑक्टोबरात पुन्हा. एकाच विहिरीवर विसंबू नये. ओढ्याकाठची विहीर नेहमी जास्त आशा दाखवते.

500 हेक्टरच्या शिवारात पातळी सरासरी 4 मीटर चढली आणि मुरमाची पाणी सोडण्याची क्षमता 2 टक्के धरली, तर पावसाळ्यात साठ्यात पडलेली भर 4 लाख घनमीटर होते. आकडा मोठा वाटतो. पण पाटाने भिजवलेल्या उसाला हेक्टरी 20 ते 25 हजार घनमीटर पाणी लागते. म्हणजे सगळे पाणी दिले तरी ऊस जेमतेम 16 ते 20 हेक्टर. शिवाय काही पाणी ओढ्यातून वाहून जाते, आणि पिण्याचे पाणी तर आधी राखायला हवे.

ऱ्हास ओळखायचा तो मेच्या नोंदींवरून. चांगल्या पावसाने ऑक्टोबरात विहिरी तुडुंब भरतात आणि तूट झाकली जाते. तेवढाच पाऊस होऊनही मेची पातळी दरवर्षी खाली जात असेल, तर उपसा पुनर्भरणापेक्षा जास्त आहे. सरकारी मूल्यांकनात उपसा 70 टक्क्यांपर्यंत असलेले क्षेत्र सुरक्षित, तर 100 टक्क्यांपुढचे अतिशोषित धरतात. ही वर्गवारी मोठ्या क्षेत्राची सरासरी असल्याने सुरक्षित पाणलोटातही एखादे गाव कोरडे पडू शकते. म्हणून गावाने स्वतःचा हिशेब मांडावा. हिवरे बाजारची ग्रामसभा पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावर पिके ठरवते. शेतीसाठी तिथे बोअरला मनाई आहे. हा ताळेबंद रब्बीच्या पेरणीआधी व्हायला हवा, कारण ऊस किंवा फळबाग एकदा लागली की मेमध्ये पाणी तोडता येत नाही.